भोंग्याचं पुस्तक

नांदेडला एप्रिल लागला की माझ्या दवाखान्यात पेशंट दोनच वेळेला येतात. सकाळी अकराच्या आत, नाहीतर उन्हं उतरल्यावर. मधली दुपार रिकामी जाते. समोरच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली येतं, रस्त्यावरचं डांबर मऊ होतं आणि कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरतो. दात काढायच्या खुर्चीत पाय वर घेऊन माझी भाची सानिका बसलेली असते. ताईची ही मुलगी अकरावीत आहे. दवाखान्यात गार असतं म्हणून ती अभ्यासाला इथंच येते.

परवा तिनं वहीतून डोकं वर काढलं.

"मावशी, डिस्टोपियन कादंबरीतल्या माणसाचा दृष्टिकोन त्याच्या गुरूंमुळं कसा बदलतो, यावर पाचशे शब्द लिहायचेत. तू वाचलीस का गं अशी एखादी?"

"डिस्टोपियन म्हणजे?" मी उगाच विचारलं. मला माहीत होतं.

"म्हणजे असं जग, की वरून सगळं व्यवस्थित चाललंय म्हणून सांगतात आणि आतून पार वाटोळं झालेलं असतं."

"वाचली एक. अर्धवट."

"नाव काय?"

नाव मला सांगता आलं नाही. त्या पुस्तकाला कव्हर नव्हतं आणि पहिली सहा पानं गळालेली होती. आम्ही त्याला भोंग्याचं पुस्तक म्हणायचो. सानिकानं खांदे उडवले आणि कानात हेडफोन घातले. मी मात्र त्या दुपारी दवाखान्यात राहिलेच नाही. मनानं लातूरला गेले, ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात.

तेव्हा मी बारावीला होते. देगलूरहून बाबांनी मला लातूरला आणून ठेवलं होतं, डॉक्टर करायला. आमचं होस्टेल आणि क्लास एकाच संस्थेचा होता, अंबाजोगाई रोडला. एका खोलीत चार मुली, चार लोखंडी कॉट, आणि भिंतीवर सूत्रांचे कागद चिकटवलेले. फेब्रुवारीपासून नळ बंद झाले होते. आधी टँकर एक दिवसाआड यायचा, मग दोन दिवसांआड, मग कधीही. मुलीमागं दोन दिवसांना एक बादली. मेसमध्ये ताटं धुवायला लागू नयेत म्हणून पत्रावळी आल्या. आम्ही पाणी कमी प्यायचो, कारण जास्त प्यायलं की संडासला जावं लागायचं आणि तिथं ओतायला पाणी नसायचं. त्याच दिवसांत आम्ही मूत्रपिंडाच्या आकृत्या काढायचो. एका माणसाला दिवसाला किती पाणी लागतं, हा प्रश्न हमखास येतो म्हणून पाठ करायचो. त्यात कुणालाही काही विचित्र वाटत नव्हतं.

बायलॉजीला कदम सर होते. त्यांच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी बेडकाची आकृती अख्ख्या वर्गाला दाखवली आणि मला डॉक्टर म्हणायला लागले. "काय डॉक्टर, जेवण झालं का?" "डॉक्टर, डोळे लाल दिसून राहिले, झोप घ्या जरा." देगलूरच्या मार्केट यार्डातल्या कारकुनाची मुलगी मी. आमच्या घरात मोठ्या आवाजात कुणी माझं कौतुक केलं नव्हतं. तो एक शब्द ऐकला की मी तीन-तीन तास मान वर न करता बसायचे. मी काहीतरी होणार आहे हे मला आधी त्यांनी पटवलं.

आणि दुसऱ्या मठपती मॅडम. त्या इंग्रजी शिकवायच्या. बोर्डाचा इंग्रजीचा पेपर झाल्यावर त्या विषयाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं, पण संस्थेनं त्यांना मे महिन्यापर्यंत अभ्यासिकेवर देखरेखीला ठेवून घेतलं. वय तिशीच्या आसपास. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, कॉटनची साडी, पायात रबरी चप्पल. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं निलंग्याला घरी जायच्या आणि सोमवारी सकाळी परत यायच्या. येताना त्यांच्या एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात पाच लिटरचा कॅन असायचा. त्यांच्या भावाच्या शेतातल्या बोअरला तेव्हा थोडं पाणी होतं. ते पाणी प्यायला नव्हे, केस धुवायला. दर सोमवारी एका मुलीची पाळी. "डोक्याला खाज सुटलेली पोरगी काय डोंबलाचा अभ्यास करणार?" असं त्या म्हणायच्या. घरात त्या कानडी बोलायच्या. पाण्याला 'नीरु' म्हणायच्या. आमच्या देगलूरच्या बाजारात तेलुगू बोलणारे 'नीळ्ळू' म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा त्या खळखळून हसल्या. "बघ, नावं दोन आहेत आपल्याकडं. माल नाही."

जेवणानंतर आम्हाला पाऊण तास विश्रांती असायची. उकाड्यानं झोप लागायची नाही. एकदा अभ्यासिकेत मॅडम एकट्याच एक फाटकं पुस्तक वाचत बसलेल्या सुमय्यानं पाहिल्या. सुमय्या माझ्याच खोलीतली, मुरूडची. तिचे अब्बू, रशीदभाई, तिथं शिलाईकाम करायचे. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात हुशार तीच होती. निकालानंतर तिचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठा लागणार, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

"मॅडम, कशाचं पुस्तक हाय?" तिनं विचारलं.

"हैदराबादला कोटी भागातल्या फुटपाथवर घेतलं होतं. बस, सांगते."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही चौघी बसायला लागलो. मॅडम इंग्रजीतून एक परिच्छेद वाचायच्या आणि मराठीतून सांगायच्या. त्या कादंबरीत एक शहर होतं. शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर भोंगे बसवलेले. रोज सकाळी एक तरुण मुलगी त्यावरून दिवस कसा आहे ते जाहीर करायची. आज गारवा आहे, म्हणाली की लोक रणरणत्या उन्हात स्वेटर घालून बाहेर पडायचे. घाम आला तर शेजारच्यापासून लपवून पुसायचे. त्या मुलीला बोलायला एका म्हाताऱ्या निवेदकानं शिकवलेलं असतं. कुठं थांबायचं, कुठल्या शब्दावर आवाज खाली आणायचा, श्वास कसा लपवायचा. मुलीला त्याच्याबद्दल फार आदर असतो. मग तिची ओळख एका धोबिणीशी होते. धोबीण भोंगा ऐकतच नाही. ती दोरीवरच्या कपड्याला हात लावून बघते आणि सांगते, आज ऊन आहे की दमट आहे. तिच्यासोबत कपडे वाळत घालता घालता मुलगी पहिल्यांदा आपल्या हातांनी हवा ओळखायला शिकते.

आम्ही ते ऐकायचो आणि खिडकीबाहेर टँकरच्या रांगेतल्या घागरी एकमेकींवर आपटायच्या. कुणीच ते दोन आवाज एकमेकांना जोडून दाखवले नाहीत. मॅडमनीही नाही.

त्यांची एक सवय होती. आपण काही मत दिलं की त्या मान तिरपी करून विचारायच्या, "हे वाक्य तुझं आहे का?" चिडून नाही. एखाद्या दुकानदारानं नाण्याचा आवाज ऐकावा तसं कान देऊन. पहिल्यांदा मला तो प्रश्न आला तेव्हा मी गोंधळले. मी म्हटलं होतं की शिक्षण हे माणसाला प्रगल्भ बनवतं. त्या म्हणाल्या, "हे वाक्य तुझं आहे का, मनीषा?" मी खूप विचार केला आणि नाही म्हणाले. "मग तुझं कुठलं?"  मी म्हणाले, "मला आकृत्या काढायला आवडतं. डॉक्टर व्हायला आवडेल का ते माहीत न्हाई." ते तोंडातून बाहेर पडल्यावर मीच घाबरले. मॅडमनी नुसती मान हलवली आणि पुढचं पान काढलं.

मार्चअखेरीला त्यांनी विचारलं, "त्या मुलीला कुणी बदललं?"

आम्ही तिघी एकदम म्हणालो, धोबिणीनं.

सुमय्या म्हणाली, "दोघांनी, मॅडम. धोबिणीनं बगायला शिकवलं. पण जे बगितलं ते सांगायचं कसं, ते तर म्हाताऱ्यानंच शिकवलेलं ना? त्याच्याबिगर ती काय सांगणार?"

 मॅडमनी पुस्तक मिटून सुमय्याकडं बघितलं. तशी नजर त्यांनी माझ्याकडं कधी टाकली नव्हती. मला ते लागलं. पुढं जे झालं त्यात कदम सरांची भीती होती, बाबांची होती, हे सगळं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. ती नजर मात्र मी या हिशेबातून नेहमी बाहेर ठेवली. आज लिहिते आहे.

एप्रिलमध्ये पाण्याची पहिली गाडी आली. पेपरात फोटो आले, स्टेशनवर लोकांनी गर्दी केली. आमच्या होस्टेलपर्यंत ते पाणी पोचायला बरेच दिवस लागले. त्याच आठवड्यात सुमय्यानं अब्बूंना फोनवर सांगितलं की तिला मेडिकलला जायचं नाही, वकिली शिकायची आहे. सराव परीक्षेचा एक पेपर तिनं कोरा दिला. दुसऱ्या दिवशी रशीदभाई मुरूडहून आले. शांत माणूस, गळ्यात मोजमापाची टेप तशीच राहिलेली. ऑफिसात उभं राहून ते फक्त एवढंच म्हणत होते, "सर, माझ्या पोरीच्या डोक्यात हे घातलं कुणी? दोन वर्षं झाली, मी तिला काय कमी केलं?"

दुपारी कदम सरांनी मला बोलावून घेतलं. ऑफिसातल्या कूलरमध्ये पाणी नव्हतं, तो नुसता गरम वारा फेकत होता. सरांनी कोरा फुलस्केप पुढं केला.

"डॉक्टर, बसा. तुमचं अक्षर चांगलं हाय. मी सांगतो तसं लिहा."

त्यांनी सांगितलं. मॅडम अभ्यासाच्या वेळेत आम्हाला जबरदस्तीनं बसवून अवांतर पुस्तक वाचून दाखवत होत्या. मेडिकलला जाऊ नका असं सांगत होत्या. त्यामुळं आमचं नुकसान झालं.

"सर, जबरदस्ती नव्हती. अन् दुपारच्या सुट्टीतच वाचायच्या त्या."

सर रागावले नाहीत. पेनचं टोपण काढून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

"बरं. मग तुझ्या बाबांना फोन करून तसं सांगू का? की जबरदस्ती नव्हती, मनीषा आपल्या मनानंच परीक्षा सोडून गोष्टी ऐकत बसायची?"

त्या पहिल्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझं नाव घेतलं होतं. डॉक्टर हा शब्द त्यांनी परत घेतला होता. मी लिहायला घेतलं. सावकाश, सुवाच्य, समास सोडून लिहिलं. खाली सही केली. बाकी दोघींनी सही केली. सुमय्यानं कागद वाचला आणि टेबलावर ठेवला.

"मी न्हाई करणार. झूट हाय हे."

मग मॅडमना बोलावलं. त्यांनी उभ्यानंच कागद वाचला. अक्षर कुणाचं ते त्यांना लगेच कळलं असणार. वर्षभर त्यांनी माझ्या वह्या तपासल्या होत्या. माझ्याकडं वळून, त्याच तिरप्या मानेनं त्यांनी विचारलं,

"मनीषा, हे वाक्य तुझं आहे का?"

"हाव मॅडम."

एवढंच. त्यांनी कागदाचा दुमडलेला कोपरा बोटानं सरळ केला, कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर गेल्या. संध्याकाळच्या गाडीनं त्या निलंग्याला गेल्या. सामान म्हणजे एक पेटी आणि डब्याची पिशवी. गेटपर्यंत त्यांना पोचवायला सुमय्या गेली. मी खोलीतून बघितलं.

तो सोमवार होता. सकाळी त्यांनी आणलेला कॅन अभ्यासिकेच्या कोपऱ्यात तसाच होता. त्या आठवड्यात केस धुवायची पाळी माझी होती. मी मंगळवारी दिवसभर त्या कॅनकडं बघितलं. बुधवारी तो उचलून न्हाणीघरात नेला आणि त्या पाण्यानं डोकं धुतलं. पाणी थोडं कोमट झालं होतं, प्लॅस्टिकचा वास येत होता. केस मऊ झाले, हलकं वाटलं. खूप दिवसांनी डोक्याची खाज थांबली. कागदावर सही केली त्यापेक्षाही मला हे जास्त आठवतं, की ते पाणी मला बरं वाटलं.

पुढचं सरळ आहे. एमबीबीएसला माझा नंबर थोडक्यात हुकला, डेंटलला लागला. फ्लेक्सवर खालच्या ओळीत माझा फोटो आला. सुमय्या वर्षभर मुरूडला घरी बसली, तिनं अब्बूंच्या मशीनवर ब्लाउज शिवले, आणि मग त्याच अब्बूंनी तिला लॉ कॉलेजला नेऊन सोडलं. आता ती लातूरच्या कोर्टात असते. मॅडमचं मात्र कुणी नाव काढलं नाही. ते पुस्तक कसं संपतं हे मला माहीत नाही. शेवटची दोन प्रकरणं राहिली, आणि मी कुठं शोधलंही नाही.

मागच्या महिन्यात कदम सर माझ्या दवाखान्यात आले. लेकीकडं नांदेडला आले होते आणि दाढ ठणकत होती. केस पांढरे झाले, पण आवाज तोच. "वा डॉक्टर! बघा, म्हणत होतो का न्हाई मी?" खुर्चीत बसलेला तो माणूस मला खरंच अभिमानानं बघत होता, आणि माझेही डोळे भरून आले, हे कबूल करायला हवं. दाढ भरून झाल्यावर मी विचारलं, "सर, मठपती मॅडमचं पुढं काय झालं हो?"

त्यांनी चूळ भरली. रुमालानं ओठ पुसले.

"कोण मठपती?"

ते नाटक नव्हतं. ते विसरले होते. त्यांच्या लेखी तो एका दुपारचा एक कागद होता. मग मला जाणवलं की तो कागद सांगणारा आणि लिहिणारी, या दोघांत ते लक्षात ठेवायला आता मी एकटीच उरले आहे, आणि मी तरी आजवर काय केलं?

सानिकानं तो प्रश्न विचारला त्याच संध्याकाळी मी सुमय्याला फोन लावला. इतक्या वर्षांत आम्ही चार-पाचदाच बोललो असू. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "मॅडमचा पत्ता पायजे ना? मला वाटलंच होतं, कधीतरी मागशील. लई उशीर लावलास पण."

रविवारी पहाटेच्या गाडीनं निघाले. लातूरला गाडी बदलली. निलंग्याच्या स्टँडजवळ मॅडमच्या भावाचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. काउंटरमागं त्या बसल्या होत्या. चष्मा लागलाय, विभूतीची रेघ तशीच आहे. मला त्यांनी ओळखलं. "ये मनीषा," म्हणाल्या. एक स्टूल पुढं सरकवलं, माठातलं पाणी दिलं. पेरणीला अजून अवकाश होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. औषधांचा उग्र वास नाकात बसत होता.

मी एसटीत सगळं पाठ केलं होतं. ते सगळं विसरले. म्हणाले, "मॅडम, तो कागद मी लिहिला. ते खोटं होतं. मला तेव्हाही माहीत होतं. मला माफ करा."

त्यांनी माझा रिकामा पेला उचलून माठावर पालथा ठेवला.

"तू सतरा-अठरा वर्षांची होतीस. सर मोठे होते, संस्था मोठी होती. हे मला त्या दिवशी एसटीत बसल्या बसल्याच कळलं होतं. कळलं म्हणून काही बरं होत नाही गं."

"तुम्ही परत शिकवलं नाही?"

"दुसरीकडं विचारणा झाली होती. मी गेले नाही." त्यांनी काउंटरवरची धूळ फडक्यानं पुसली. "गेल्या वर्षी शेजारची एक मुलगी यायला लागली. दहावीची. इंग्रजी विचारायला. हुशार होती. मन लावून ऐकायची. मी काही सांगायला लागले की ती वही काढून भराभर लिहून घ्यायची. ती लिहायला लागली की माझी जीभ जड व्हायची. ही काय लिहून घेतीय, कुणाला दाखवणार, असं यायचं मनात. दहावीची पोर ती! तिच्यात काही खोट नव्हती. मला कळत होतं. पण घाम फुटायचा मला." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मग एक दिवस तिच्या आईला सांगितलं, मला दुकानातून वेळ होत नाही, नका पाठवू."

एक माणूस सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी करत आत आला. मॅडम उठून उभ्या राहिल्या. मी स्टूल जागेवर ठेवलं, नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही पुन्हा मागितलं नाही.

त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही. त्या दुकानाच्या आसपासच कुठंतरी तिचं घर असेल. आता ती अकरावीला गेली असेल. मन लावून ऐकत असताना शेजारच्या बाईंनी अचानक येऊ नको का म्हटलं, आपलं काय चुकलं, याचा ती अजूनही कधीतरी विचार करत असेल.